घरी शिकणारं मूल कायद्याला कुठे दिसतं?

नमस्कार. दोन घरं डोळ्यांसमोर आणा. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका फ्लॅटमध्ये नऊ वर्षांचा मुलगा शाळेत जात नाही, आईवडील त्याला घरी शिकवतात. याला आपण कौतुकानं होमस्कूलिंग म्हणतो. कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, त्याच वयाची मुलगी शाळेत जात नाही, तिला आपण शाळाबाह्य म्हणतो. कायद्यात या दोघांसाठी वेगवेगळे रकाने नाहीत. आजचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

२००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली. शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारं कलम २१-क आलं, आणि त्याबरोबर पालकांवर एक मूलभूत कर्तव्यही आलं: ६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी उपलब्ध करून देणं. शब्द ‘संधी’ आहे, ‘शाळा’ नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० मात्र सरळ सांगतं की पालकानं मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करावं. घरी शिकवणारे पालक या दोन शब्दांमधल्या फटीत उभे आहेत.

मग दंड काय? पालकाला काहीच नाही. कलम ८ चं स्पष्टीकरण वाचा. ‘सक्तीचं’ शिक्षण म्हणजे सक्ती सरकारवर: मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं हे सरकारनं पाहायचं. कलम १० मोडल्याबद्दल पालकाला शिक्षा कुठेही लिहिलेली नाही. पण शिक्षा नाही म्हणजे मान्यता आहे, असा अर्थ कुणी काढू नये. इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्यात मूल शाळेत ‘किंवा अन्य प्रकारे’ शिकेल असं लिहिलेलं आहे, त्यामुळे तिथे दार उघडं आहे. जर्मनीत ते बंद आहे, आणि २००६ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानंही तिथल्या पालकांची तक्रार दाखल करून घेतली नाही. आपल्याकडे दार नुसतं लोटून ठेवलंय. स्पष्ट परवानगी आहे ती २०१२ च्या दुरुस्तीनं: बहुविकलांग किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय.

‘मूल माझं, सरकारचा काय संबंध?’ हा प्रश्न नेहमी येतो. घरगुती उद्योगांच्या सोलापुरात त्याचं उत्तर सोपं आहे. बालकामगार कायद्यात २०१६ ला बदल झाला तेव्हा १४ वर्षांखालच्या मुलानं घरच्या, धोकादायक नसलेल्या उद्योगात मदत करायला मुभा राहिली, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. आता ज्या मुलाला शाळाच नाही, त्याची ‘शाळेची वेळ’ कोणती? सकाळी अकराला टॉवेलच्या घड्या घालणारं मूल शिकतंय की राबतंय, हे तपासणाऱ्यानं ठरवायचं कशावरून? म्हणून माझं मत असं की घरी शिकवण्याची साधी नोंदणी असावी. वर्षातून एकदा नाव, वय, कोण शिकवतं, मूल काय वाचतं आणि किती गणित करतं, एवढंच. परवानगीचा कागद नको, नोंदीचा हवा. परवानगी आली की टेबलाखालचा व्यवहारही येतो.

आज नोंदणी नाही, म्हणून लोक वाटा काढतात. एक वाट म्हणजे नाव शाळेच्या पटावर, मूल घरी. ती टाळा. महिनाभर सलग गैरहजर मूल शाळाबाह्य धरलं जातं. खोटी हजेरी लावली तर ते ओझं वर्गशिक्षकाच्या मानेवर. दुसरी चूक जास्त महागात पडते. चार-पाच कुटुंबं एकत्र येतात, जुळे सोलापूर भागात एक हॉल घेतात, बाई नेमतात, फी ठरवतात आणि बाहेर पाटी लावतात. मान्यतेशिवाय शाळा चालवली की शिक्षण हक्क कायद्याचं कलम १८ लागतं: एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवली तर रोज दहा हजारांपर्यंत. आळीपाळीनं एकमेकांच्या घरी शिकणं वेगळं, पाटी आणि फी वेगळी.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारात आले तर भांडू नका. ते बिचारे यादी घेऊन आलेले असतात. जन्मदाखला, आधार, आणि तारखा घातलेली मुलाची वह्यांची फाइल दाखवा. लेखी खुलासा द्यायचा तर शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, खेड्यात पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. पोच घ्यायला विसरू नका.

मूल १४ चं होण्याआधी परत शाळेत घालायचं ठरलं, तर त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. दाखला नाही म्हणून शाळेला नाकारता येत नाही. आठवीनंतर हे संरक्षण संपतं, आणि बहुतेक पालकांना ते नववीच्या खिडकीपाशीच कळतं. २५ टक्के राखीव जागेवरचं मूल काढणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा. ती जागा शाळेच्या सुरुवातीच्या वर्गालाच, म्हणजे पूर्वप्राथमिकला किंवा पहिलीला, मिळते.

दहावीला बाहेरून बसणाऱ्यांसाठी आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, पण तो शाळा सोडल्याचा दाखला मागतो. कधीच शाळेत न गेलेल्याची गाडी तिथे अडते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, १४ वर्षं पूर्ण झालेल्याला जन्माच्या पुराव्यावर आणि स्वयंघोषणेवर दहावीला बसता येतं. विषय किमान पाच, नोंदणी पाच वर्षं चालते. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे तीन स्तरही आहेत.

आणखी एक गोष्ट राखीव प्रवर्गातल्या कुटुंबांसाठी. जात पडताळणीला प्राथमिक शाळेच्या रजिस्टरचा उतारा मोठा पुरावा असतो. मुलाचा तसा उतारा नसेल, तर वडिलांचा आणि आजोबांचा आत्ताच काढून ठेवा. आपल्याकडच्या तेलुगू आडनावांत जोडाक्षर एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. ते दहावीचा अर्ज भरण्याआधी जुळवून घ्या, कारण दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव छापलं की पुढचे सगळे कागद त्याच्याशीच ताडले जातात.