दोन लिप्यांमध्ये हरवलेला माणूस

पडद्यावरचा हा फॉरवर्ड तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर येऊन गेला असेल. घरच्यांना विचारून, चेहरा झाकून दाखवते आहे. खानापूर तालुक्यातले एक आजोबा, स्मृतिभ्रंश झालेले. ‘आमचे वडील हरवले आहेत, जास्तीत जास्त शेअर करा.’ तारीख नाही, कुठून गेले ते नाही. फोटो पुतण्याच्या लग्नातला, डोक्यावर फेटा. दाढी वाढलेल्या, अनवाणी म्हाताऱ्याशी या फोटोची गाठ कोण घालणार?

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. त्यांची नात माझ्या वर्गात, म्हणून शोधायला बसले. चार दिवस मी फक्त मराठीत शोधत राहिले, याची रुखरुख अजून आहे. पाचव्या दिवशी आमच्या कन्नडच्या बाईंनी विचारलं, “कन्नडमध्ये बघितलंत का?” त्यांनी कन्नड लिपीत ‘अपरिचित वृद्ध’ टाइप केलं आणि गोकाककडच्या एका ग्रुपवरची पोस्ट वर आली. ‘मराठी बोलतात, गाव सांगता येत नाही.’ सहा दिवस ती तिथं होती. ‘अपरिचित’ आणि ‘वृद्ध’ हे शब्द आपलेही आहेत. कानाला ते लगेच कळले असते. लिपी बदलली तशी शोधाला दिसले नाहीत.

पोस्टमधला फोटो आम्ही मोठा करून पाहिला. डाव्या हाताची करंगळी अर्धी. गुऱ्हाळावर गेलेली, मुलाने तिथंच ओळखली. मागे चहाच्या टपरीची पाटी, तिच्या खालच्या ओळीत गावाचं नाव. एवढं घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. टपरीवाल्याला परस्पर फोन केला नाही.

याला ‘ओपन सोर्स इंटेलिजन्स’ म्हणतात: सगळ्यांना दिसेल अशी उघड माहिती गोळा करून जुळवणं. कुणाचा पासवर्ड नाही, खोटं प्रोफाइल नाही. कॅनडातली ‘ट्रेस लॅब्ज’ ही संस्था जगभरच्या स्वयंसेवकांकडून असंच काम करून घेते आणि मिळालेलं पोलिसांकडे देते. त्यांचा नियम कडक आहे: हरवलेल्या माणसाशी किंवा घरच्यांशी संपर्क नाही, साधी फ्रेंड रिक्वेस्टसुद्धा नाही.

आपल्या सीमाभागात नावांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. सुनीता इंग्रजीत लिहिताना आपण शेवटी ‘टी-ए’ लिहितो, कन्नड वळणाने ‘टी-एच-ए’. ज्योतीचंही तेच. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं, म्हणून जुन्या आणि नव्या कागदांवर गावाचीही दोन स्पेलिंग. एका नावाची चार रूपं शोधा, आणि दोन्ही लिप्यांत शोधा. फोटोत गाडी दिसली तर केए-२२ बेळगावची, केए-२३ चिक्कोडीची, एमएच-०९ कोल्हापूरची. पण त्यावरून नोंदणी कळते, गाडी कुठं उभी आहे ते नाही. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या फोटोतली ठिकाणाची नोंद गेलेली असते, म्हणून मूळ फाइल मागा.

आता जरा थांबून ऐका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भटक्या माणसांना जमावाने मारलं. त्याच महिन्यात, १३ तारखेला, बिदर जिल्ह्यातल्या मुर्कीत आणखी एकाचा जीव गेला. दोन्हीकडे आधी अफवा फिरल्या होत्या. म्हणून ‘हाच तो’ असं गटावर कधीही टाकू नका. आणि एखादी सज्ञान बाई मारहाणीला कंटाळून घर सोडून गेली असेल, तर तिचा पत्ता घरच्यांना देणं म्हणजे तिला परत त्याच हातांत देणं. सापडलेलं फक्त पोलिसांना द्या. ती सुखरूप आहे एवढं घरी कळवायचं की नाही, हे तिला विचारून ठरू दे.

तक्रारीला २४ तास थांबायची अट कायद्यात नाही. मूल हरवलं असेल तर गुन्हा नोंदवायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ ला सांगितलं आहे. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर घेऊन निपाणीहून कागलला आणि कागलहून निपाणीला फिरू नका. मुलांसाठी १०९८, एरवी ११२.

फॉरवर्ड करणारच असाल तर तारीख घाला, आणि माणूस मिळाला की त्याच फोटोवर ‘सापडले’ लिहून तेवढ्याच गटांवर पाठवा. आमचे आजोबा घरी आले, दीड वर्ष सगळ्यांत राहिले, गेल्या पावसाळ्यात वारले. परवा सांगलीहून मुलाला फोन आला, “तुमचे वडील इथं स्टँडवर बसलेत.”