चौकटीतला संगणक

पडद्यावरच्या या चौकटीत एक संगणक सुरू होत आहे. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या ओळी भराभर वर सरकतात आणि काही क्षणांत पासवर्ड विचारला जातो. या संगणकाला स्वतःची हार्डडिस्क, नेटवर्क कार्ड आणि चार गिगाबाइट मेमरी आहे. मात्र ती हार्डडिस्क म्हणजे टेबलावरच्या खऱ्या संगणकात साठवलेली एक मोठी फाइल आहे. यालाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र म्हणतात. खऱ्या संगणकाची प्रणाली यजमान आणि चौकटीतली प्रणाली पाहुणी.

ही कल्पना घरगुती संगणकापेक्षाही जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, तेव्हा एकाच मेनफ्रेमवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या मोठ्या संगणकावर, प्रत्येक वापरकर्त्याला जणू स्वतंत्र यंत्र मिळू लागले. घरगुती संगणकांतल्या एक्स८६ प्रोसेसरवर मात्र हे फार अवघड होते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पाहुण्या प्रणालीने राखीव अधिकाराची आज्ञा दिली, की प्रोसेसरने ती अडवून देखरेख करणाऱ्या हायपरव्हायझरकडे सोपवावी, अशी अपेक्षा असते. एक्स८६मधल्या काही आज्ञा अडतच नसत. अधिकार नसताना ‘पॉपएफ’ या आज्ञेने इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारे संकेत, बंद करू पाहिले, तर प्रोसेसर तेवढा भाग गुपचूप सोडून पुढे जाई, पाहुण्याला वाटे काम झाले आणि हायपरव्हायझरला काहीच कळत नसे. व्हीएमवेअरने १९९९ साली यावर तोडगा बाजारात आणला: पाहुण्याच्या कर्नेलमधल्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातल्या, आज्ञा चालता चालताच निर्धोक आज्ञांमध्ये भाषांतरित करायच्या. पुढे २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने प्रोसेसरमध्येच ही सोय दिली. आजही काही संगणकांत ती बंद असते, म्हणून बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन ‘व्हीटी-एक्स’ (इंटेल) किंवा ‘एसव्हीएम’ (एएमडी) या नावाने ती सुरू आहे का, हे आधी पाहावे.

मेमरी देताना हात आखडता ठेवावा. आठ गिगाबाइटपैकी सहा पाहुण्याला दिल्यास यजमान डिस्कवर मेमरीची अदलाबदल करू लागतो आणि दोघेही रखडतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती स्नॅपशॉटची सोय. स्नॅपशॉट घेतला की डिस्कची फाइल आहे तशी गोठते आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहिला जातो. मागे फिरायचे झाल्यास ही दुसरी फाइल टाकून दिली की पुरते. शिकणाऱ्याला याहून मोठे अभय मिळणे कठीण. हा स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप मात्र नव्हे, कारण मूळ फाइल खराब झाली तर तोही निरुपयोगी ठरतो.

आता एक स्नॅपशॉट घेऊन या लिनक्समधली ‘/इटीसी’ ही प्रणालीच्या सेटिंग्जची संपूर्ण फोल्डर आपण पुसून टाकत आहोत. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर ते नीट उभे राहत नाही. स्नॅपशॉटवर परत गेल्यावर मात्र पासवर्ड विचारणारा तोच पडदा समोर येतो.