भोक मधोमध पडलं पाहिजे

[दृश्य: लेथवर फिरणारा लाकडाचा ठोकळा, समोरून सावकाश आत शिरणारं बिट]

ताक घुसळायची रवी. डोकं कातून झालं, कंगोरे पडले, घासूनपुसून गुळगुळीत झालं. राहिलं दांड्याचं भोक. ते जरा तिरपं गेलं की दांडा तिरपा बसतो, रवी पातेल्यात हेलकावे खाते आणि ताक अंगावर उडतं. बाजारात बाई रवी तळहातावर फिरवून बघते आणि निमूटपणे खाली ठेवते.

मराठवाड्याच्या आठवडी बाजारात लाटणी, रव्या, भोवरे, पांगुळगाडे आजही दिसतात. जुने कातारी भोकं सामत्यानं, म्हणजे दोरीनं फिरवायच्या हत्यारानं, पाडायचे, जाड काम असलं तर गिरमिट. आता अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर लावलेलं छोटं लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, सिंगल फेजवर चालतं, पडवीतही मावतं. लेथ आलं की पुढचा खर्च डोळ्यांसमोर येतो: ड्रिल प्रेस, म्हणजे वरून बिट सरळ खाली उतरवणारं भोक पाडायचं मशीन.

“काका, ड्रिल प्रेस घेऊन टाकू का? सेकंड हँड मिळायलंय.”

“अरे, लेथ फिरतंय की समोर. भोक पाडायला आणखी एक मशीन कशाला?”

काकांचं म्हणणं बरोबर आहे. हातातल्या ड्रिलमध्ये बिट फिरतं आणि लाकूड थांबलेलं असतं, म्हणून सगळी भिस्त मनगटावर. लेथवर उलटं होतं. लाकूड आपल्या आसाभोवती फिरतं, बिट जागच्या जागी. भोकाचा मध्य आणि वस्तूचा मध्य एकच. त्यासाठी लागतो फक्त टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या मागच्या सरकत्या ठोकळ्यात, बसणारा ड्रिल चक, बिट पकडून ठेवणारा जबडा.

[दृश्य: टेलस्टॉकच्या तोंडात चकची निमुळती दांडी बसते]

घेताना एक गोष्ट पक्की विचारून घ्यायची. या निमुळत्या दांडीला मोर्स टेपर म्हणतात. छोट्या लेथला एमटी-१ किंवा एमटी-२ असतो. एमटी-१चं तोंड १२ मिमीच्या आसपास, एमटी-२चं जवळपास १८. चुकीचा आणला तर दुकानदार बदलून देईलच असं नाही, तेव्हा घरून माप घेऊन निघावं. चक १३ मिमीपर्यंतची बिटाची दांडी पकडणारा घेतला की छोट्या कामांना पुरतो.

आता बिटं. साधं पिळाचं ट्विस्ट बिट मूळचं लोखंडात भोक पाडायचं. लाकडात सुरुवातीलाच घसरतं आणि रेषांच्या मागं जातं. लांब बिट तर हमखास वाकडं जातं. म्हणून आधी आखूड, ताठ सेंटर ड्रिलनं खळगा करायचा, मग लांब बिट लावायचं. मधोमध अणी असलेलं ब्रॅड पॉइंट बिट लाकडासाठी जास्त बरं. आणि सपाट बुडाचं, स्वच्छ काठाचं मोठं भोक हवं असेल, मेणबत्तीच्या स्टँडला किंवा डबीला, तर फोर्स्टनर. अमेरिकेतल्या बेंजामिन फोर्स्टनर या बंदूक कारागिरानं १८७४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

फोर्स्टनरला घाई चालत नाही. २५ मिमीचं बिट बाभळीसारख्या कठीण लाकडात मिनिटाला पाचशेच्या आसपास फेऱ्यांवर चालवावं. वेग वाढवला की धूर निघतो, काठ काळा पडतो, बिटाची धार जाते. थोडं आत, लगेच बाहेर, भुसा झाडला, पुन्हा आत. बाहेर काढताना एक हात चकवर हवाच, नाहीतर बिट लाकडात अडकून राहतं आणि चक टेलस्टॉकमधून निसटून गरगरतो. हातमोजे मात्र काढून ठेवा. फिरत्या लाकडात मोजा अडकला तर मागोमाग हातही ओढला जातो.

सध्या पोरं लाकडी पेन करतात. बारीक पेनच्या पितळी नळीला साधारण ७ मिमीचं भोक लागतं. बिट पलीकडून बाहेर पडताना लाकूड फुटतं, ठोकळा वाया जातो. उपाय सोपा आहे. ठोकळा थोडा लांब ठेवायचा, भोक आरपार न जाता आधीच थांबायचं आणि मागचा तुकडा करवतीनं कापून टाकायचा. कापलं की भोक उघडं, काठ शाबूत.

भोवऱ्याच्या आरीला एवढा थाट नको. आरीपेक्षा किंचित बारीक भोक पाडून आर ठोकली की लाकूड चिरत नाही.

मग ड्रिल प्रेस कशाला? पांगुळगाड्यासाठी. कातलेल्या गोल खांबाला आडवं भोक पाडायचं तर लेथचा उपयोग नाही. खांब इंग्रजी व्हीच्या आकाराच्या ठोकळ्यात बसवायचा, वरून ड्रिल प्रेसचं बिट सरळ उतरतं. असे खांब नेहमी करत असाल तर जरूर घ्या. वर्षाकाठी दोन-चार करायचे तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडं जाऊन पाडून घ्या, त्याच्याकडं ते असतंच. घरातलं भिंतीचं ड्रिल अडीअडचणीला चालेल, पण हॅमर बंद करून.

[दृश्य: उन्हात रचलेले चिंचेचे ओंडके, टोकांना तडे]

आणि लाकूड. ओल्या लाकडात कितीही नेमकं भोक पाडा, उन्हाळ्यात ते वाळतं आणि भोक लंबगोल होतं, कारण लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. दांडा एका बाजूनं आवळतो, दुसरीकडून सैल. म्हणून आधी भोक मापापेक्षा बारीक पाडायचं, ठोकळा सावलीत वाळू द्यायचा, आणि पूर्ण सुकल्यावर पुन्हा लेथवर चढवून शेवटचं माप गाठायचं.