हंगामापुरतं लॉगिन

(देवगड बंदर, जूनचा पहिला आठवडा)

समुद्र खवळलाय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून होड्या वर ओढून झापांनी शाकारल्यात. तिकडे कातळावर आंब्याचा हंगामही आटोपलाय. पॅकिंगच्या शेडमध्ये रिकाम्या पेट्यांची थप्पी, कोपऱ्यात सारलेला पेंढा. राखणीचे नेपाळी गडी आज गावी निघालेत. बघा, खोपीची चावी, बॅटरी, आंबे काढायची घळ, सगळं मोजून परत देतायत. मुकादम वहीत एकेका नावापुढे खूण करतोय.

(शेडमागची ऑफिसची खोली)

इथे अशी वही नव्हती.

मार्च ते मे ऑनलाइन ऑर्डरी वाढतात, तशी या खोलीतली माणसंही. बिलांना कॉलेजची मुलं, कुरिअरच्या नोंदींना एक जण, फोटो टाकायला एक जण. सॉफ्टवेअर अडलं की पुण्यातला इंजिनीअर तिथूनच हा संगणक उघडतो. गर्दीत विचारायला वेळ कोणाला? सगळ्यांना सगळं उघडं. मॉनिटरच्या कडेची ही पासवर्डची चिठ्ठी पाहा: 'हापूस', आणि पुढे साल. सेलोटेप पिवळा पडलाय. चिठ्ठी या हंगामाची नाही.

हिशेब बघणाऱ्या ताईंनी यंदा हजेरीपट आणि लॉगिनची यादी शेजारी शेजारी ठेवली. हजेरीपट दुसऱ्या पानावर संपला. यादी अजून खाली सरकतेच आहे.

मग बसल्या एकेक ओळ धरून. हा कोण, कोणी घेतला, कशासाठी. जो गेला, त्याचं लॉगिन बंद. डिलीट मात्र नाही, कारण त्याने केलेली बिलं त्याच्याच नावावर दिसायला हवीत. चिठ्ठीवरचा सामायिक पासवर्ड सगळ्यात जड गेला. एकाला काढायचं तर सगळ्यांचं दार बदलावं लागतं. तो मोडून प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं, बिलं करणाऱ्याला फक्त बिलांचं. पुण्याच्या इंजिनीअरला आता दोन तासांची परवानगी मिळते, ती आपोआप मिटते. आणि नवं लॉगिन काढताना शेवटची तारीख टाकल्याशिवाय पुढे जायचंच नाही, असं ठरलं.

आता पैशाचं. हे सॉफ्टवेअर माणशी, दरमहा आकारणी करतं. मे महिन्यात घरी गेलेल्या मुलाच्या लॉगिनचे पैसे पावसाळाभर भरले जात होते, आणि तेही संगणक सुरक्षेसाठी बाजूला काढलेल्या रकमेतून. बॅकअपच्या डिस्कला दरवर्षी उत्तर एकच: पुढच्या हंगामाला बघू. छोट्या धंद्यात सुरक्षेला पैसा आणायचा कुठून, हे आम्ही किनाऱ्यावर जागोजागी ऐकलं. इथे तो या यादीतच सापडला. ही बघा, टेबलावर नवी डिस्क.

सर्ट-इन म्हणजे केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा. तिच्या २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग, म्हणजे संगणकावर कोण कधी शिरलं, काय केलं याच्या नोंदी, १८० दिवस जपायच्या आणि घुसखोरी लक्षात आल्यावर ६ तासांत कळवायचं. एकाच पासवर्डवर चाललेल्या खोलीत, कोण शिरलं हे ६ तासांत सांगणार कोण?

२०२१मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीच्या संगणकांत हल्लेखोर शिरले, ते वापरात नसलेल्या एका जुन्या खात्यातून. इथे गेल्या श्रावणात अशाच एका लॉगिनवरून गिऱ्हाइकांचे नंबर बाहेर गेले, काहींनी खोट्या लिंकवर आगाऊ पैसे भरले.

(पुन्हा स्क्रीन)

यादीतली शेवटची ओळ मालकांच्या भाच्याची. तो मुंबईला असतो. ताईंनी मालकांना फोन लावून स्पीकरवर ठेवलाय.

"अण्णांनू, भाच्याचा बंद करू?"

"रवांदे गो, घरचोच आसा तो."

"मगे चवथीपर्यंतची तारीख घालतंय."

पलीकडे थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू येतो.

"घाल."