बागायतदाराचा अंदाज हाही डेटाच

(२९ जूनच्या संख्याशास्त्र दिनानिमित्त नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘उपयोजित बेझियन संख्याशास्त्रातल्या संशोधनाच्या संधी’. एम.एस्सी.ची मुलं वह्या उघडून बसली आहेत, तेव्हा संधींकडे मी येणारच. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती नाशिकमध्येच सांगायला हवी. या सभागृहात द्राक्षबागेशी काहीच नातं नसलेलं घर शोधावं लागेल.

बेझचं सूत्र तुम्ही सगळे शिकलात. दोन पिशव्या, लाल-पांढरे चेंडू, एक काढला तो लाल निघाला. तर तो पहिल्या पिशवीतला असण्याची संभाव्यता किती? पाच मार्कांचा प्रश्न. सुटला की पान उलटायचं. हे माझं जुनं दुखणं आहे. थॉमस बेझ १७६१ मध्ये गेला. त्याच्या कागदांतला निबंध रिचर्ड प्राइसने रॉयल सोसायटीकडे पाठवला, ते साल १७६३. इतक्या वर्षांनी आपण वर्गात अजून चेंडूच काढतोय! खरा प्रश्न मुलांपर्यंत पोचतच नाही. आधीपासून जे ठाऊक आहे त्यात नवा पुरावा आला, तर आता काय मानायचं? बेझियन संख्याशास्त्र म्हणजे याच प्रश्नाचा हिशेब. हा प्रश्न डॉक्टरला रोज पडतो, बागायतदारालाही पडतो.

निफाड तालुक्यातल्या एका बागेत मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. बागायतदाराला विचारलं, ‘दादा, गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस झाला, तर शंभरातल्या किती वेलींवर डाऊनी येतो?’ डाऊनी म्हणजे डाऊनी मिल्ड्यू, द्राक्षवेलीचा रोग. ते म्हणाले, ‘मॅडम, असं कसं सांगता येईल? कोणता प्लॉट ते आधी सांगा.’ माझे विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागले. सशर्त संभाव्यतेची, म्हणजे अमुक अट धरली तर तमुक घडण्याच्या संभाव्यतेची व्याख्या त्यांना पाठ होती, आणि हा माणूस अट घातल्याशिवाय आकडा द्यायलाच तयार नव्हता.

मग आम्ही ओट्यावर कागद पसरला. त्यावर दहा रकाने आखले: शून्य ते दहा टक्के, दहा ते वीस, असे शंभरपर्यंत. वालाचे वीस दाणे त्यांच्या हातात दिले आणि म्हटलं, जिथे जास्त खात्री वाटते तिथे जास्त दाणे ठेवा. तज्ज्ञाचं ज्ञान आकड्यांत उतरवायची ही जगभर वापरात असलेली पद्धत आहे. प्रत्येक दाणा म्हणजे पाच टक्के विश्वास. मुरमाड प्लॉटसाठी त्यांनी झटपट दाणे लावले, बहुतेक डावीकडे. नाल्याकाठच्या काळ्या जमिनीच्या प्लॉटला मात्र हात थांबला. दाणे ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. शेवटी दाणे लांबवर पसरले. इतक्यात काकू चहा घेऊन आल्या, कागदाकडे बघितलं आणि दोन दाणे उचलून उजवीकडच्या रकान्यात सरकवले. म्हणाल्या, ‘पाऊस थांबल्यावर चार दिवस धुई होती त्या वर्षाचं विसरलात का?’ दादांनी मान डोलावली. ते दाणे तिथेच राहिले.

पान किती वेळ ओलं राहिलं यावर डाऊनीचा प्रसार ठरतो, हे शास्त्र आहे. काकूंनी तेच दोन दाण्यांत सांगितलं. मुरमाड प्लॉटचे दाणे एका जागी आणि नाल्याकाठचे पसरलेले, म्हणजे एका ठिकाणी खात्री, दुसऱ्या ठिकाणी शंका. ही शंकासुद्धा आकड्यांत मांडता येते. दाण्यांच्या या मांडणीला, म्हणजे डेटा पाहण्याआधीच्या अंदाजाला, आपण प्रायर म्हणतो.

आता फळ्यावर बघा. समजा, एका प्लॉटबद्दल बागायतदाराचा अंदाज आहे तीस टक्के, आणि त्या अंदाजाचं वजन दहा वेली प्रत्यक्ष पाहिल्याइतकं आहे, तीन रोगट आणि सात निरोगी. संख्याशास्त्रात हे असं लिहितात: बीटा (३, ७). आपण वीस वेली तपासल्या, दहांवर रोग दिसला. नुसता डेटा म्हणतो पन्नास टक्के. दोन्ही एकत्र केले की बीटा (१३, १७), सरासरी सुमारे त्रेचाळीस टक्के. दोनशे वेली तपासल्या असत्या आणि शंभरांवर रोग दिसला असता, तर हाच आकडा एकोणपन्नासवर गेला असता. पुरावा वाढला की अंदाजाचं वजन आपोआप कमी होतं. त्यात जबरदस्ती कुठेच नाही.

तरीही एका विद्यार्थिनीने पीएच.डी.साठी हाच विषय मांडला, तेव्हा समितीतून उत्तर आलं, ‘शेतकऱ्याचं मत हा डेटा नव्हे. हे व्यक्तिनिष्ठ झालं.’ मुलीने विषय बदलला. मला आजही त्याचा राग येतो. आक्षेप चुकीचा नाही, अपुरा आहे. मत लपवून ठेवलं तर धोका आहे. पण इथे ते कागदावर मांडलेलं आहे, दाणे मोजून. ज्याला पटत नाही त्याने दुसरा प्रायर घ्यावा आणि निष्कर्ष किती हलतो ते दाखवावं. कोविडच्या काळात फायझर-बायोएनटेकच्या लशीची परिणामकारकता काढली तीसुद्धा बेझियन पद्धतीनेच, प्रायर आधी जाहीर करून. १७० रुग्णांपैकी लस घेतलेले फक्त ८ होते. औषधाच्या बाबतीत जे चालतं, ते द्राक्षाच्या बाबतीत का चालू नये?

आणि ही विद्या आपल्याला परकी तरी कुठे आहे? कोल्हापूरचे वसंतराव हुजूरबाजार केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली शिकले. जेफ्रीज मुळात भूकंपाचा अभ्यास करणारे, आणि बेझियन विचार संख्याशास्त्रात पुन्हा उभा करणाऱ्यांत अग्रणी. तिकडून येऊन हुजूरबाजारांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. आपल्या मुलांना हे नाव माहीत नसावं, याचं वाईट वाटतं. त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान ठेवा, मी येईन.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरली आहेत. संधी.

पहिली म्हणजे छोट्या क्षेत्रांचे अंदाज. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे जिल्ह्यापर्यंत मिळतात. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके. सुरगाणा आणि नाशिक शहर यांची एकच सरासरी काढली, तर सुरगाण्यातलं कुपोषण तिच्यात बुडून जातं. तालुक्याचा नमुना छोटा असतो, म्हणून शेजारच्या तालुक्यांकडून आणि जनगणनेकडून माहिती उसनी घ्यायची. फे आणि हेरियट यांनी अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या उत्पन्नासाठी १९७९ मध्ये असंच केलं होतं. हे काम इथे बसून करता येतं. मुंबईत देवनारच्या आयआयपीएसमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत, या सर्वेक्षणाची माणसं भेटतील.

दुसरी, रोगाचा अंदाज आणि पीकविमा. महसूल मंडळांतली हवामान केंद्रं, बागायतदारांच्या फवारणीच्या वह्या आणि आत्ता सांगितलेले दाणे हे एकाच मॉडेलमध्ये बसवायचे. पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, राहुरीचं कृषी विद्यापीठ, दिल्लीची कृषी सांख्यिकी संशोधन संस्था, या जागा लक्षात ठेवा. तिसरी, औषधांच्या चाचण्या. पुण्या-मुंबईत बायोस्टॅटिस्टिशियनची, म्हणजे वैद्यकीय संख्याशास्त्रज्ञांची पदं निघतात, आणि बेझियन येणारा माणूस सहज मिळत नाही.

वाट कोणती? आयआयटीसाठी जॅम या प्रवेश परीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर. महालनोबिसांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची स्वतंत्र प्रवेश परीक्षा. पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीसाठी सीएसआयआर नेट परीक्षेत मॅथेमॅटिकल सायन्सेस हा विषय. गणना कशी करायची याची चिंता नको. १९९० मध्ये गेलफँड आणि स्मिथ यांनी संगणकावर नमुने काढून पोस्टेरिअर, म्हणजे डेटा मिसळल्यानंतरचा अंदाज, मिळवायची वाट रुळवली, त्यामुळे हाताने न सुटणारी समीकरणं आता अडवत नाहीत. आर आणि स्टॅन ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. पण आधी रेषीय बीजगणित आणि संभाव्यता पक्की करा. स्टॅनमध्ये मॉडेल चालवून आकडा मिळाला म्हणजे तो बरोबर आहे असं होत नाही. संगणकाने काढलेल्या नमुन्यांच्या साखळ्या एकमेकींत मिसळल्या की नाही ते आधी बघावं लागतं.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला ज्यांना विषय हवाय, त्यांनी आपल्या तालुक्याचा एक प्रश्न लिहून आणा, सोबत डेटा कुणाकडे आहे त्याचं नाव. पुढच्या आठवड्यात विभागात बसू. मागच्या रांगेत बागायतदार मंडळी बसली आहेत, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.