200 मीटरच्या आतली पड

(दृश्य: टिळकवाडीतली एक गच्ची. पाण्याची टाकी आणि नारळ यांच्यामध्ये ताणलेली तार.)

ही तार कपडे वाळत घालायची नव्हे, रेडिओची अँटेना आहे. मोजली तर साधारण 20 मीटर भरेल. रेडिओ लहर 40 मीटर लांबीची, तार तिच्या निम्मी. एवढ्यावर बेळगावचा हॅम, म्हणजे हौसेने रेडिओवर बोलणारा, दिवसा पुणे-हैदराबाद गाठतो, आणि रात्री या लहरी दूरवर पोचू लागल्या तर समुद्रापलीकडचंही कुणी भेटतं. पण ही 40 मीटरची लहर हॅमच्या वाट्याला आली कशी?

हर्ट्झ या शास्त्रज्ञाने 1887-88 मध्ये जर्मनीत विजेच्या ठिणग्या पाडून उठवलेल्या लहरी काही मीटरच्याच होत्या. कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांनी 1895 च्या सुमारास भिंतीपलीकडची घंटा बिनतारी वाजवून दाखवली. त्यांचं काम तर मिलिमीटरात मोजायच्या लहरींवर चाललं. मार्कोनी मात्र उलट्या दिशेने गेला. लांब पोचायचं तर लहरही लांब हवी, हा त्या काळचा अनुभव. डिसेंबर 1901 मध्ये त्याने अटलांटिकपलीकडून आलेले मोर्स लिपीतले तीन टिंब ऐकल्याचं सांगितलं. खरंच ऐकले का, यावर जाणकार अजून भांडतात.

(दृश्य: जुनं जहाज, बिनतारी यंत्राची खोली.)

1912 मध्ये टायटॅनिक बुडाली. बिनतारी संदेश पाठवणाऱ्या हौशी मंडळींचा हवेत गोंगाट फार, अशी ओरड आधीपासून होतीच. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला: हौशींनी 200 मीटर आणि त्याहून आखूड लहरींवरच राहावं. काळी जमीन थोरल्यांनी वाटून घ्यावी आणि धाकट्याला माळावरची पड द्यावी, तसला हा न्याय.

पण पड पिकली! डिसेंबर 1921 मध्ये अमेरिकी हौशींचे संदेश स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ऐकू आले. नोव्हेंबर 1923 मध्ये फ्रान्समधला देलॉय आणि अमेरिकेतला श्नेल हे हौशी सुमारे 110 मीटरच्या लहरीवर एकमेकांशी संदेशांनी बोलले. आखूड लहर जमिनीलगत लवकर विरते, हे खरंच होतं. पण वर शंभर ते चारशे किलोमीटरवर सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेले हवेचे थर आहेत. तिथून वळून ती दूर कुठेतरी खाली उतरते. मग मोठ्या कंपन्याही धावत याच पडीवर आल्या, हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य: राजहंसगड, दूरवर सह्याद्री.)

इथे ते डोळ्यांनी समजतं. हातातला व्हीएचएफ सेट, म्हणजे सरळ रेषेत जाणाऱ्या फार आखूड लहरींचा, राजहंसगडावरून लांबवर बोलतो, पण कोकणाकडे वळलात की घाट आडवा येतो. 40 मीटरची लहर वरून येते, तिला चोर्ला काय नि आंबोली काय!

बोलायचं तर सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, मग ‘व्हीयू’ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं आपलं नाव, मिळतो. तोवर कान तयार करा. एसएसबी (हॅम मंडळींची आवाज पाठवायची पद्धत) घेणारा शॉर्टवेव्ह सेट सकाळी 7 मेगाहर्ट्झच्या थोडं वर लावा; हीच ती 40 मीटरची लहर. बोलणाऱ्याचा आवाज बदकासारखा आला तर घाबरू नका, बटण अगदी हळू फिरवा.