ओल कुठून येते

(माहितीपटाचं निवेदन. ट्रेलरचा पुढचा कोपरा. आधी बाहेरून, मग आतून.)

हा कोपरा बघा. बाहेरून पत्रा पांढरा, सरळ, कुठे पोचा नाही. आता तोच कोपरा आतून. भिंतीवरचा नक्षीचा कागद सुटून पुढे आलाय, आणि अंगठ्याने दाबलं की भिंत आत जाते.

अमेरिकेत ओहायो राज्यात, कोलंबस शहराबाहेरच्या एका घरासमोर हा ट्रॅव्हल ट्रेलर उभा आहे. पिकअप ट्रकच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. लांबी 26 फूट, बांधणी 2009 सालची. घेणारं कुटुंब मराठी. नवरा-बायको, दोन मुलं, आणि या उन्हाळ्यात साताऱ्याहून मुलाकडे आलेले बाबा. बाबांचं सगळं आयुष्य सुतारकामात गेलंय. ट्रेलर आधीच्या मालकाकडून घेतलेला. ताब्यात आला तेव्हा आतून ताजा रंग होता.

वापरलेल्या ट्रेलरला आतून ताजा रंग दिसला, तर त्या रंगाच्या मागे काय आहे ते पैसे देण्याआधी बघा. नवा ट्रेलर ज्यांना परवडत नाही, तीच माणसं जुना घेतात. आणि आधीच्या मालकाने झाकलेली ओल नेमकी त्यांच्याच पदरी पडते.

(सूनबाईंच्या हातातला मीटर. भिंतीवर चिकटपट्ट्या.)

हा मॉइश्चर मीटर. पुढच्या दोन पिना लाकडात रुतवल्या की लाकडात पाणी किती टक्के आहे, ते पडद्यावर दिसतं. घरातलं कोरडं लाकूड साधारण 8 ते 12 टक्क्यांवर असतं. 20 च्या वर गेलं की काळजी सुरू. 28-30 च्या पुढे लाकडाचे तंतू पाण्याने भरलेले असतात, आणि कुजवणाऱ्या बुरशीला याहून चांगली जागा नाही.

सूनबाईंनी पद्धत साधी ठेवली आहे. जिथे पिना लावल्या, तिथे चिकटपट्टी डकवायची आणि तिच्यावर आकडा लिहायचा. खिडकीचे खालचे कोपरे. बिछान्याखालची पोकळी. कपाटाची पाठ. छत आणि भिंत मिळते ती रेषा. कुठे 11, कुठे 14. खिडकीखाली 34.

आता या चिकटपट्ट्या दुरून बघा. खिडकीखाली 34, तिच्या बाजूला 33, आणखी वर 31, आणि छताच्या कोपऱ्यात 36. खिडकीच्या दुसऱ्या बाजूला मात्र 12. ओल एका रेषेत वर चढलेली दिसते. म्हणजेच पाणी त्या रेषेने खाली उतरलेलं आहे.

"बाबा, मग खिडकी काढायची की नाही?"

"काढू. पण आधी वर चढू."

खिडकीच्या चौकटीभोवती आधीच्या मालकाने फटी बुजवायच्या सिलिकॉनचे थरावर थर दिलेत. खिडकीखाली ओल दिसली, म्हणून खिडकीच बुजवली. पाणी येत होतं चार फूट वरून. आणि सिलिकॉनचं आणखी एक दुखणं असं, की एकदा ते लागलं की त्याच्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही. नवं सिलिकॉनसुद्धा नाही. ते खरवडून, पुसून, पार मूळ पत्र्यापर्यंत काढावंच लागतं. या चौकटीवरचं सिलिकॉन काढायला दोन माणसांची एक अख्खी दुपार गेली.

(छत. शिडीवरून घेतलेलं दृश्य.)

छपरावर कौल नाही, पत्राही नाही. पातळ प्लायवुडवर रबराची एक सलग चादर अंथरलेली आहे. ईपीडीएम नावाचा हा रबर स्वतः सहसा गळत नाही. गळतं ते त्याला जिथे जिथे भोक पाडलंय तिथे. हवा जाण्याचा 14 इंची चौकोनी झरोका, संडासाच्या टाकीचा वारा जायची नळी, अँटेना, आणि चादर संपते ती पुढची कड. या कडेवर अॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने आवळतात आणि वरून सीलंट, म्हणजे फट बुजवणारं लुकण, ओततात. ते सीलंट उन्हाने वाळलंय, त्याला तडे गेलेत. इथे जवळून बघा, तड्यात नख जातंय.

ओहायोत हिवाळाभर बर्फ पडतो, वितळतो, पुन्हा गोठतो. गोठताना पाणी सुमारे 9 टक्क्यांनी फुगतं. तड्यात शिरलेलं पाणी गोठलं की तडा रुंद होतो, पुढच्या वेळी जास्त पाणी आत घेतो. शिवाय हे घर रस्त्यावर धावतं. प्रत्येक खड्ड्याला सगळा सांगाडा मुरगळतो आणि स्क्रूची भोकं थोडी थोडी सैल होतात. दगडविटांच्या घराला हा त्रास नाही. म्हणून घराच्या गळतीचा अनुभव इथे अर्धाच उपयोगी पडतो.

पुढच्या कोपऱ्यावर खालपासून वरपर्यंत गेलेली ही कोपरपट्टी. तिच्या खाचेत प्लॅस्टिकची एक फीत बसवलेली असते, स्क्रू झाकायला. जुनी झाली की फीत आक्रसते, वरचे स्क्रू उघडे पडतात आणि गंजतात. बाबांचा मुलगा पान्ह्याने एक स्क्रू फिरवतोय. फिरवायची गरजच नव्हती. हलणाऱ्या दातासारखा तो बोटांनीच बाहेर आला, आणि त्याच्या आट्यांमध्ये लाकडाचा काळा चिखल.

(पत्रे उतरवताना. हा भाग न तोडता ठेवावा.)

इथून पुढचं काम आतून करता येत नाही, आणि हे बहुतेक लोकांना ठाऊक नसतं. कारखान्यात ही भिंत आतून बाहेर बांधली जाते. आधी लाकडी सांगाडा आणि त्याला आतलं प्लायवुड, मग फायबरग्लासचा कापूस, सगळ्यात शेवटी बाहेरचा पत्रा. दुरुस्तीला त्याच वाटेने उलटं जायचं.

आधी वीज तोडायची. बाहेरून येणारी 120 व्होल्टची जोडणी आणि बॅटरीची 12 व्होल्टची, दोन्ही. मग कोपरपट्ट्या, मग पुढचे छोटे पिवळे दिवे, मग खिडकी. दिव्यांच्या मागची भोकंही बघा. तारेसाठी पाडलेलं प्रत्येक भोक पाण्यालाही वाट देतं. पत्र्याच्या पट्ट्या एकीत एक अडकवलेल्या आहेत, त्या क्रमाने सोडवायच्या. सूनबाई प्रत्येक पट्टीच्या पाठीवर नंबर टाकतायत. पातळ अॅल्युमिनियमला एकदा घडी पडली की ती जात नाही, म्हणून दोघांनी दोन टोकं धरायची.

आणि हा सांगाडा.

(इथे निवेदन नको. फक्त आवाज.)

उभे खांब दीड इंच बाय दीड इंचाचे. साधं पाइनसारखं मऊ लाकूड. कोपऱ्यातला खांब खालून दीड फूट राहिलेलाच नाही, त्याच्या जागी तपकिरी भुसा आहे. बाबा टोच्या लावतात. टोच्या मुठीपर्यंत आत जातो. वर सरकतात, पुन्हा लावतात. हाताला लाकूड लागेपर्यंत ते वर जात राहतात, आणि जिथे लागलं तिथे पेन्सिलीने रेघ मारतात.

बाबांना कुजलेल्या लाकडाचं नवल वाटलं नाही. त्यांना नवल वाटलं ते जोडणीचं. "खाच नाही, सांधा नाही. नुसतं टाचलंय." खांब आणि आडव्या पट्ट्या एकमेकींना स्टेपलने टाचलेल्या आहेत.

यामागे कारण आहे. ट्रेलर गाडीला ओढायचा असतो, प्रत्येक किलो वजन मोजावं लागतं. जाड लाकूड घातलं तर तो ओढायला मोठा ट्रक लागेल. ते मान्य. पण हलकं लाकूड वापरायचं, त्याला कुजू नये म्हणून काही लावायचं नाही, आणि सगळ्या भिंतीचं आयुष्य सीलंटच्या एका रेघेवर सोपवायचं, हे मान्य करता येत नाही. अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत छताचं आणि सांध्यांचं सीलंट दर तीन महिन्यांनी तपासा असं छापलेलं असतं. म्हणजे ती रेघ टिकत नाही, हे बनवणाऱ्याला ठाऊक आहे. वापरलेला ट्रेलर घेणाऱ्याच्या हाती ती पुस्तिका कितीदा पडते?

(एल्कहार्ट, इंडियाना. संग्रहालय.)

कोलंबसहून काही तासांवर इंडियाना राज्यात एल्कहार्ट आहे. अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर या गावाच्या पंचक्रोशीत बनतात. इथे या धंद्याचं संग्रहालय आहे, आणि काम थांबलं होतं त्या आठवड्यात बाबांना तिथे नेलं. त्यांच्यासमोर आहे तो 1913 सालचा अर्ल ट्रेलर. लॉस एंजेलिसमध्ये घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिरांनी बांधलेला. तंबूचे सोडले तर आज शिल्लक असलेल्या सगळ्यात जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये त्याची गणना होते. लाकूड शंभर वर्षांहून जुनं आहे आणि उभं आहे. तो छताखाली राहतो, हे खरं. तरी बाबा त्याच्या सांध्यांसमोर किती वेळ उभे आहेत, ते बघा.

(पुन्हा कोलंबस. लाकूडकाम.)

काम थांबलं होतं ते लाकूड वाळण्यासाठी. मधला काळा पडलेला फायबरग्लासचा कापूस पिशव्यांत भरून टाकून दिला. हातमोजे आणि एन-95 मास्क घालूनच. बुरशीच्या धुळीने दम्याच्या माणसाला त्रास वाढू शकतो, म्हणून मुलांना या काळात ट्रेलरकडे फिरकू दिलं नाही. मग पंखा आणि हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र. मीटर 12 च्या खाली येईपर्यंत एकही पट्टी बसवली नाही. ओल्या लाकडावर नवी भिंत चढवणं म्हणजे बुरशीला आत कोंडणं. घाई करणाऱ्यांची दुरुस्ती इथेच वाया जाते.

बाबांनी मारलेल्या रेघेच्याही वर, चांगल्या लाकडात काही इंच जाऊन कापायचं. उरलेल्या लाकडाला बोरेटचं द्रावण पाजायचं, ते बुरशीला रोखतं. नवा खांब त्याच मापाचा, दीड इंची. जाड घातला तर खिडकी बसणार नाही, कारण तिच्या आतल्या आणि बाहेरच्या चौकटी भिंतीला चिमट्यात धरतात. बाबांनी जुन्या आणि नव्या खांबाला तिरका काप दिला, गुण्या लावून तपासला, गोंद लावून स्क्रूने आवळला. स्टेपल नाही. मुलगा पलीकडून धरून उभा आहे. वडिलांच्या हाताखाली तो आधी कधी काम करायला बसला नव्हता.

आतलं प्लायवुड जेमतेम 3 मिलिमीटरचं असतं. भिजलं की त्याचे पदर सुटतात, ते वाळवून परत सपाट होत नाही. तेवढा तुकडा कापून नवा बसवला.

(वखारीतला दुसरा ट्रेलर. फुगलेली भिंत.)

सगळे ट्रेलर असे पत्र्याचे नसतात. हा दुसरा बघा, गुळगुळीत फायबरग्लासच्या भिंतीचा. यात फायबरग्लास, पातळ प्लाय आणि फोम एकमेकांना चिकटवून एकच पाट केलेला असतो. पाणी शिरलं की गोंद सुटतो आणि भिंतीवर असा फुगवटा येतो. उन्हात तिरक्या नजरेने बघितलं की तो कळतो. भोक पाडून गोंद भरणारे बरेच भेटतील, पण आतलं प्लाय कुजलं असेल तर तो गोंद कशाला धरणार? असा फुगवटा दिसला तर किंमत पाडून घेण्यापेक्षा दुसरा ट्रेलर बघा.

(पत्रा परत चढवताना. ब्यूटाइलची पट्टी.)

ही राखाडी, चिकट पट्टी ब्यूटाइल नावाच्या रबराची. ती कडक होत नाही, सांगाडा मुरगळला तरी त्याच्याबरोबर हलते. कोपरपट्टीखाली, खिडकीच्या चौकटीखाली, प्रत्येक दिव्याखाली तीच. स्क्रू एकदम आवळायचे नाहीत. थोडे आवळायचे, पट्टी दबू द्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळायचे. बाहेर आलेली कड प्लॅस्टिकच्या सुरीने कापायची. छतावर आपोआप पसरणारं सीलंट, उभ्या भिंतीवर न ओघळणारं. दोन्ही वेगळी मिळतात. आणि त्या रबरी छताला पेट्रोल किंवा रॉकेलसारखं काही लावून पुसू नका, ईपीडीएम त्याने फुगतो. साबणाचं पाणी चालतं.

(पाण्याची चाचणी.)

आता पाइप. सुरुवात खालून. खिडकीच्या खाली दहा मिनिटं, मग खिडकी, मग दिवे, मग कोपरा, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरू केलं तर ओघळणारं पाणी सगळंच भिजवतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. सूनबाई आत टॉर्च घेऊन बसल्या आहेत. प्रत्येक टप्प्यावर त्या आतून एकच शब्द सांगतात, "कोरडं."

उन्हाळ्याची ठरलेली सहल झाली नाही, आणि खर्च ट्रेलरच्या किमतीच्या पाऊण पट झाला.

पुढची भिंत आता 10 ते 12 वर आहे. ट्रेलर उभा करताना पुढचा जॅक थोडा उंच ठेवलाय, म्हणजे छतावरचं पाणी मागे वाहतं आणि पुढच्या कडेवर साचत नाही. मागच्या डाव्या कोपऱ्यात, बिछान्याखाली, मीटर 22 दाखवतोय. तिथे तात्पुरती पट्टी चिकटवून वर ताडपत्री घातली आहे. बाबांचा व्हिसा ऑक्टोबरपर्यंतचा आहे. ती भिंत मुलगा आणि सून वसंतात उघडणार आहेत, आणि कापाचं माप बाबांनी फळकुटावर काढून ठेवलंय.